कचेरीतले १२० तास

“पगार किती म्हनायचा?” आबांनी विचारले.

मी म्हणाले, “पगार नाही आबा. कॉलेजतर्फे शिकायला जायचे आहे.”

“मंजी फुकट?”

“हो.”

आबा म्हणजे माझे आजोबा. वय वर्षे ८४. कानाला कमी येते, पण नको ते बरोबर ऐकू येते. त्यांनी पानाची चंची बाजूला ठेवली आणि म्हणाले, “माझ्या बापानं जलमभर सरकारचं फुकट केलं. आता तूबी चाललीस व्हय?”

मला उत्तर सुचले नाही. आई चुलीपुढे होती. ती काहीच बोलली नाही, पण तिच्या मनातले मला कळत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दरवर्षी तिच्याबरोबर उसाच्या भांगलणीला जाते. एका बाईची हजेरी घरात कमी येणार होती, वर रोजचे एस.टी.चे भाडे जाणार होते. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे म्हणून बरे, नाहीतर तेवढ्यावरच सगळे अडले असते.

मी एम.ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला होते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता एम.ए. च्या मुलांनाही पहिले वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. कोणी बँकेत जाते, कोणी पतसंस्थेत, कोणी ओळखीच्या दुकानात जाऊन नुसता शिक्का आणते. आमच्या सरांनी मला विचारले, “मोडी येते ना थोडी? मग सरकारी कचेरीत जा. तिथली जुनी दप्तरं बघ.” सरांचे पत्र घेऊन मी कडेगावला गेले. कचेरीचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला शिकवले आणि एकदोघांनी दुखवलेही. दोन्ही गोष्टी नाव न घेता सांगितलेल्या बऱ्या.

इथे एक सांगून ठेवते. २०२४ पासून राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. ती वेगळी. सुरू झाली तेव्हा तीत बारावी पास मुलाला महिना ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन होते. माझे प्रशिक्षण अभ्यासक्रमातले, त्याला एक रुपयाही नव्हता. आबांचा प्रश्न म्हणून खोटा नव्हता.

आबांचे वडील गावचे वतनदार महार. वतनदार हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. काम काय, तर सारा वसूल झाला की त्या पैशाबरोबर तालुक्याला पायी जायचे, टपाल पोचवायचे, लोकांना चावडीवर बोलवायचे, अंमलदार आला की त्याच्या दिमतीला उभे राहायचे. दिवस नाही, रात्र नाही. त्याच्या बदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावाकडून बलुते मिळे. कडेगाव तेव्हा तालुका नव्हता. आमचा भाग खानापूर तालुक्यात आणि तालुक्याची कचेरी विट्याला. आबा सात-आठ वर्षांचे असताना वडिलांबरोबर विट्याला चालत गेले होते. वडील कचेरीच्या बाहेर लिंबाखाली बसून राहिले. दुपार टळली तेव्हा कोणीतरी बाहेर येऊन कागद त्यांच्यापुढे टाकला. आबा ती गोष्ट सांगताना हाताने कागद टाकल्याची खूण करून दाखवतात.

या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे बिल मांडले होते. प्रत्यक्षात ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. तेव्हा मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज आमच्याच कडेगाव तालुक्यात आहे. आबांना हे सगळे पाठ आहे. त्यामुळे नात फुकट कामाला कचेरीत चालली, हे त्यांना कसे रुचावे?

शेवटी तिढा सोडवला आईने. ती एवढेच म्हणाली, “आत बसनार हाय न्हवं? मग जाऊ द्या.”

मेच्या मध्यावर मी हजर झाले. २०२५ चा उन्हाळा उन्हाळ्यासारखा नव्हताच. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि थांबेना. कडेगावच्या स्टँडवर चिखल, कचेरीच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्या आणि छत्र्यांपेक्षा जास्त माणसे. बारावीचा निकाल ५ मेला आणि दहावीचा १३ मेला लागला होता. म्हणजे दाखल्यांचा हंगाम. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा, नॉन क्रीमी लेयरचा. आईबाप एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलगा धरून उभे.

पहिल्या दिवशी मला बारनिशीत बसवले. आलेल्या आणि गेलेल्या कागदांची जिथे नोंद होते ती बारनिशी. किती साधे काम! कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, तारीख आणि क्रमांक टाकायचा, पोच द्यायची. पण तिथेच मी पहिला धडा शिकले. शंभरातले कितीतरी लोक पोच मागतच नाहीत. कागद खिडकीतून आत दिला की काम झाले, असे त्यांना वाटते. नंतर येतात आणि म्हणतात, “दिला होता की ओ मागं.” कधी दिला? कोणाकडे दिला? कागदाला क्रमांक नसेल तर तो कागद कचेरीच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो. मग मी प्रत्येकाला हाक मारून पोच देऊ लागले. एक भाऊसाहेब हसून म्हणाले, “बाई, अशानं रांग लांबायची.” रांग लांबली खरी.

दुसरा धडा सहा गठ्ठ्यांचा. कारकुनाच्या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे असतात. चालू कामाचे, दुसरीकडून उत्तर यायचे आहे असे, ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल, कायमचे आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि शेवटी नष्ट करायचे. त्यातही अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ब वर्गाचे ३० वर्षे, ड वर्गाचे एकच वर्ष. हे कळल्यावर माझा सरकारी टेबलाकडे बघण्याचा नजरियाच बदलला. बाहेरून पसारा दिसतो. आतून बघितले तर आपला कागद कोणत्या गठ्ठ्यात अडकला आहे हे विचारता येते. “माझं काम कधी होणार?” असे विचारले की “होईल” एवढेच उत्तर मिळते. “माझ्या प्रकरणात कुणाच्या उत्तराची वाट बघताय?” असे विचारले की भाऊसाहेब मान वर करून बघतात.

आता दुखवल्याची गोष्ट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका गृहस्थाने माझे नाव विचारले. सांगितले. “पूर्ण नाव?” सांगितले. “गाव?” सांगितले. “गावात कुठं, वेशीच्या आत का...” वाक्य अर्धेच सोडले. मी म्हणाले, “बौद्ध वस्तीत.” ते “असं असं” म्हणाले आणि कामाला लागले. वाईट शब्द एकही नाही. पण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपला डबा नेहमीच्या टेबलावरून उचलून खिडकीपाशी नेला. त्या दिवशी माझ्या घशाखाली भाकरी उतरली नाही.

शिपाईमामांनी ते पाहिले असावे. काही न बोलता त्यांनी माठातले पाणी तांब्यात भरून माझ्यापुढे आणून ठेवले आणि आपली भाकरी सोडून शेजारी बसले. मला मसूरची आठवण झाली. मसूर आमच्यापासून लांब नाही, शेजारच्या कराड तालुक्यातले रेल्वे स्टेशन. १९०१ साली लहानगे भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून त्याच स्टेशनावर उतरले होते. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला ही मुले निघाली होती. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान गाडी हाकेना, दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही म्हणून रात्र उपाशी काढली. पुढे १९१७ साली बडोदा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर गेल्यावरही शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. मला फायली हातात मिळत होत्या आणि पाणीही मिळत होते. फरक पडलेला आहे. डबा उचलला गेला, हेही तितकेच खरे आहे. मी दोन्ही गोष्टी माझ्या वहीत लिहून ठेवल्या. प्रशिक्षणाच्या अहवालात मात्र दुसरी लिहिली नाही. मार्क सरांच्या हातात होते, आणि खरे सांगायचे तर धीर झाला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मला अभिलेख कक्षात पाठवले. लोखंडी मांडण्या, त्यावर लाल-पांढऱ्या फडक्यात बांधलेली दप्तरे. या फडक्याला रुमाल म्हणतात. एकेका रुमालात एकेका गावाची साठ-सत्तर वर्षे बांधलेली. गाठ सोडली की धूळ, कसर आणि जुन्या शाईचा वास येतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम राज्यभर झाली, तेव्हा असे रुमाल पुष्कळ ठिकाणी सोडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आमच्या सरांनी मला इकडे पाठवले त्याचे कारण तेच. आपल्या लोकांच्या नोंदीही त्याच रुमालात असतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

ज्या वहीत त्या सापडतात तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. सरकारी नाव गाव नमुना १४. गावातले जन्म आणि मृत्यू त्यात लिहीत. तारीख, बापाचे नाव, जात. मुलाचे नाव बहुतेक नसतेच, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली, नाव येणार कुठून?

तिथेच मावशींचे प्रकरण माझ्याकडे आले. मावशी म्हणजे तालुक्यातल्याच एका गावच्या, नवरा गेलेला, दुसऱ्याच्या रानात कामाला जाणाऱ्या. मुलगा बारावी सायन्स पास. जातीच्या दाखल्याचा अर्ज दोनदा त्रुटी काढून परत आलेला. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा पिशवीतले कागद पावसाने ओले झाले होते. मी ते खिडकीच्या गजावर वाळत घातले. त्या संकोचून म्हणाल्या, “असूं द्या बाई, माजी मी वाळवते.”

अडचण अशी होती. अनुसूचित जातीचा आणि त्यातून बौद्ध झालेल्यांचा दाखला काढताना कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी किंवा त्याआधी महाराष्ट्रात राहत होते, असा पुरावा लागतो. मावशींकडे सगळ्यात जुना कागद म्हणजे सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला. सासऱ्यांनी शाळा सोडली १९५७ ला, आणि दाखल्यावर जात ‘बौद्ध’. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गावोगावच्या आपल्या लोकांनी मोठ्या अभिमानाने शाळेत ‘बौद्ध’ लिहून घेतले. त्या अभिमानाच्या कागदात मूळ जात राहिली नाही. बौद्धांना राज्यात सवलती मिळाल्या १९६० साली आणि केंद्राने अनुसूचित जातीत धरले ते १९९० साली. दाखल्याचा नमुनाही बौद्धांसाठी वेगळा आहे. पण मूळ जात कोणती, हे कागदावर दाखवावेच लागते. म्हणजे सासऱ्यांची किंवा त्यांच्या वडिलांची जुनी नोंद हवी.

मी रुमाल शोधायला लागले. गावाच्या रुमालात त्या वर्षांची वहीच नव्हती. पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन गावांचे रुमाल सोडले. अभिलेखपाल काका म्हणाले, “पोरी, पूर्वी कुणीतरी घाईत बांधलं असणार. गाठ बघ, बांधणाऱ्याचा हात कळतो.” मला काही हात कळला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, नावात साम्य असलेल्या एका तिसऱ्याच गावाच्या रुमालात ती वही निघाली. मोडीत, एकेका ओळीला दोन-दोन मिनिटे लावत वाचत गेले. सन १९४३. ‘मुलगा’. पुढे मावशींच्या सासऱ्यांच्या वडिलांचे नाव. पुढे ‘महार’.

माझ्या हाताला घाम आला होता. हा शब्द आम्ही घरात कधी उच्चारत नाही. त्या दिवशी तो वाचून मला आनंद झाला. हे कसे सांगावे ते कळत नाही, म्हणून नुसते लिहून टाकते.

पण काम संपले नाही. नक्कल काढली तर वहीच्या मुखपृष्ठावर ‘तालुका खानापूर, जिल्हा सातारा’. अर्जात ‘तालुका कडेगाव, जिल्हा सांगली’. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी शेरा मारला, जिल्हा जुळत नाही. मावशी माझ्याकडे बघू लागल्या. आधीच्या खेपेलाही कोणीतरी त्यांना सांगितले होते की तुमचे मूळ साताऱ्याचे, तिकडे जा. बिचाऱ्या जाऊनही आल्या होत्या. एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे गेले, हातात काही नाही.

इतिहासाचा अभ्यास मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला तो इथे. खानापूर तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली साताऱ्याचे दोन भाग करून दक्षिण सातारा जिल्हा केला, त्यात खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके आले. त्याच दक्षिण साताऱ्याचे नाव १९६० साली सांगली झाले. आणि खानापूरमधून कडेगाव तालुका वेगळा झाला तो तर आमच्या आईबापांच्या डोळ्यांदेखत. गाव जागचे हलले नाही. वरची पाटी तीनदा बदलली.

मी हे भाऊसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, “तोंडी नको, कागदावर काय आहे?” राग आला, पण त्यांचे चूक नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयातून जिल्ह्याच्या गॅझेटियरमधल्या त्या पानाची प्रत आणली. मॅडम म्हणजे आमच्या अव्वल कारकून. (या पदांची नावे अलीकडे बदलली, तलाठ्यालाही आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र जुनीच नावे आहेत.) मॅडमनी पान वाचले आणि मला म्हणाल्या, “बस. टिपणी तू लिही. मी दुरुस्त करते.” माझी पहिली टिपणी! पान भरून लिहिली. मॅडमनी तिच्या सहा ओळी केल्या. त्या सहा ओळींत जे होते ते माझ्या पानभर मजकुरातही नव्हते.

याच काळात मी आणखी एक गोष्ट मावशींना सांगू शकले. बाहेर एकाने त्यांना शपथपत्रासाठी ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यायला लावला होता. जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यासाठी करायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही. सरकारने ते शुल्क २००४ सालीच माफ केले आहे, साध्या कागदावर चालते. मंत्र्यांनी २०२५ मध्ये पुन्हा तेच जाहीर केले. पाचशे रुपये म्हणजे मावशींची दोन दिवसांची हजेरी. हे ऐकल्यावर त्या चिडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, “मागच्या दोन खेपंलाबी घेतला हुता.”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझे १२० तास भरले. प्रमाणपत्रावर सही शिक्का झाला. शेवटच्या दिवशी डबा उचलणारे ते गृहस्थ माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मोडी कुठं शिकलात? आमच्या आज्याची एक नोंद बघायची हाय.” मी त्यांच्याबरोबर अभिलेख कक्षात गेले आणि रुमाल सोडून दिला. नोंद निघाली नाही. दीड तास गेला. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला, आपल्याच टेबलावर.

घरी आल्यावर प्रमाणपत्र आबांना दाखवले. त्यांनी ते हातात धरून उलटसुलट केले. “ह्यात पैसं न्हाईत,” असे म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारले, “आपलं हाय का त्यात? माझ्या बापाचं?” मी सांगितले की नोंद शोधलेली नाही, पण शोधता येईल. नक्कल मागायचा साधा अर्ज असतो. आबा म्हणाले, “मला घिऊन चल. मी बी बगतो आत कसं हाय ते.”

जुलैत मावशींचा फोन आला. दाखला मिळाला होता. मुलाने अक्षरे बरोबर आहेत का ते तीनदा वाचून बघितले म्हणे. मी त्यांना सांगितले की आता जात पडताळणीसाठी सांगलीच्या समितीपुढे अर्ज करावा लागेल.

“मंजी ह्येच कागद परत दावायचं?”

“हो मावशी. नकलेच्या चार प्रती काढून ठेवा. आणि अर्ज दिला की पोच मागा.”

“पोच मागते,” त्या म्हणाल्या. “पर बाई, तितं बी तो सातारा-सांगलीचा घोळ निगाला तर?”

मी त्यांना गॅझेटियरच्या त्या पानाची प्रत पोस्टाने पाठवली आहे. मागच्या बाजूला सोप्या मराठीत चार ओळी लिहिल्या आहेत, मावशींच्या मुलाला वाचता येतील अशा. पुढच्या सोमवारी आबांना घेऊन कडेगावला जायचे आहे.